सातव्या माळेची कळ

आमची पिठाची गिरणी आहे. डोंबिवलीत, स्टेशनपासून पंधरा मिनिटं आत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर; आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. सासऱ्यांनी सुरू केली, नंतर नवऱ्याने चालवली, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी मी चालवली. माझी शाळा चौथीपर्यंत. पण गिरणीचं मला कळतं. सासऱ्यांनीच शिकवलं. रोज सकाळी धान्य ओतायच्या आधी मोटर नुसतीच चालू करायची आणि वरच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभं राहायचं. मी नवी सून होते तेव्हा विचारलं होतं, "काही बिघडलंय का?" ते म्हणाले, "बिघडलेलं नाही म्हणूनच ऐकतोय. चांगली चालते तेव्हा ऐकायची. बिघडल्यावर काय, गाढवालाही ऐकू येतं." आणि कानाच्या आधी हाताला कळतं, असंही ते म्हणायचे. दगड घासायला लागला की कानाला दोन दिवसांनी कळतं, तळहाताला त्याच दिवशी.

माणसाच्या बाबतीत हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. आलं असतं तर पुढचं थोडं वेगळं झालं असतं, किंवा नसतंही. मी त्यावर फार विचार करत बसत नाही.

आमचं मूळ देशावरचं. घरात नवरात्राला घट बसतो. नऊ दिवस अखंड दिवा, रोज एक माळ, आणि ज्याच्या हातून घट बसला तो माणूस नऊ दिवस पायात चप्पल घालत नाही, गादीवर झोपत नाही, शक्यतो उंबरा ओलांडत नाही. आमच्याकडे तो माणूस म्हणजे माझा नवरा. माझ्याकडे दिव्याचं तेल. लग्नानंतर चौथ्या-पाचव्या वर्षी एकदा पहाटे माझा डोळा लागला आणि दिवा विझला. त्याच हिवाळ्यात सासू गेली. सासूला पोटाचं दुखणं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. तरी घरात बोललं गेलं ते दिव्याचंच. माझ्या तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण दरवर्षी घट बसला की माझे दीर कल्याणहून यायचे आणि पहिलं वाक्य हेच असायचं, "वहिनी, तेलाकडे लक्ष असू द्या बरं का." इतकी वर्षं झाली, ते वाक्य बदललं नाही.

त्या वर्षी सातव्या माळेला सकाळी हे माळ बांधायला हात वर करून उभे राहिले आणि तसेच खाली बसले. चटईवर. कपाळावर घाम.

"काय झालं?"

"छातीत भरून आलंय. जातं ठेवल्यासारखं."

"उपाशीपोटी चहावर चहा ढोसता, वर शेंगदाण्याची आमटी. दुसरं काय होणार?"

मी ओवा आणि गरम पाणी दिलं. ढेकर आला नाही. मग ते म्हणाले, "डाव्या हाताला मुंग्या आल्यात गं." ते मला आवडलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊ या." ते म्हणाले, "तीन दिवस राहिलेत. घट उठू दे." मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. हे इथे स्पष्ट लिहिते, कारण नंतर लोक म्हणाले, तुम्ही तरी काय करणार, ते ऐकणारे थोडेच. ते ऐकणारे नव्हते हे खरं. पण मी म्हटलंच नाही, हेही खरं. मला दिव्याची भीती वाटली.

संध्याकाळपर्यंत कळ ओसरली. आठव्या माळेला ते भिंतीला टेकून बसून राहिले, नवव्यालाही. तोंड पिठासारखं. मुलगा ठाण्याला नोकरीला आहे, सकाळी जातो, दिवेलागणीला येतो. त्याने विचारलं तर दोघांनी सांगितलं, अ‍ॅसिडिटी. दसऱ्याला सकाळी घट उठला. यांनी उगवलेलं धान टोपीत खोवलं, खाली गिरणीत गेले. दसऱ्याला आम्ही मोटरला, दगडाला हळदकुंकू लावतो, तोरण बांधतो. नारळ फोडायला वाकले आणि गव्हाच्या डब्यावर बसले ते उठलेच नाहीत. मुलगा होता, दीर आले होते. रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. लहान हॉस्पिटल, दहा-बारा खाटांचं, त्यातल्या चार अतिदक्षतेच्या. हृदयाच्या नळीत तार घालून बघायची सोय तिथे नव्हती.

ईसीजीची पट्टी निघाली. डॉक्टर मुलगा तरणा होता, दसऱ्याच्या दिवशी एकटाच ड्युटीवर. त्याने पट्टी बघितली आणि मला विचारलं, "आजी, दुखायला कधी लागलं? नीट आठवून सांगा, त्यावर इंजेक्शन ठरतं."

दीर माझ्या खांद्याशी उभे होते. म्हणाले, "वहिनी, घटाच्या दिवसांत काही झालं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "नाही. आज सकाळी. नारळ फोडताना."

नवरा खाटेवर होता. त्याने ऐकलं. डोळे मिटले. आम्ही दोघं मिळून खोटं बोललो, त्याने न बोलता. डॉक्टरने पट्टीकडे परत एकदा पाहिलं, त्याला काहीतरी खटकलं असावं, पण घरचं माणूस सांगतंय म्हटल्यावर त्याने गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं.

संध्याकाळी हृदयाच्या मोठ्या डॉक्टर आल्या. बाई. पन्नाशीच्या, केस आखूड आणि निम्मे पांढरे, पायात रबरी सपाता. तीन-चार हॉस्पिटलांत फिरतात, असं नर्स म्हणाली. मला वाटलं होतं, कागद बघतील, दोन शब्द बोलतील आणि जातील. त्यांनी कागद बाजूला ठेवले. शेजारच्या खाटेचे नातेवाईक बोलत होते, त्यांना म्हणाल्या, "दोन मिनिटं बाहेर थांबता का? मला ऐकायचंय." वरचा पंखासुद्धा बंद करायला लावला. मग दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि उजवा तळहात यांच्या छातीवर सपाट ठेवला. आधी मधल्या हाडाच्या डाव्या बाजूला, मग खाली, मग काखेकडे. डोळे मिटलेले. मग कानाला नळी लावून त्याच जागा परत ऐकल्या.

मी बघतच राहिले. सासरे गेल्यावर कोणाला असं उभं राहिलेलं मी बघितलं नव्हतं.

ड्युटीवरच्या त्या तरण्या डॉक्टरने विचारलं, "मॅडम, काही आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही, असं लिहा. जागा लिहा, वेळ लिहा. उद्या काही आलं तर आज नव्हतं हे कळलं पाहिजे ना?"

दुसऱ्या दिवशीही त्या आल्या, पुन्हा पंखा बंद, पुन्हा तळहात, पुन्हा काही नाही, पुन्हा लिहिलं. त्या दिवशी यांना बरं वाटत होतं. भेटायला लोक आले ते आपट्याची पानं घेऊन. मला वाटलं, नर्स ओरडेल. तिनेही दोन पानं घेतली. यांच्या उशीखाली सोन्याचा ढीग झाला. दीर म्हणाले, "देवीने तारलं हो. घट नीट उठला म्हणून." मी सुटले असं मला वाटत होतं. खोटंही पचलं आणि नवराही वाचला.

त्याच्या दुसऱ्या सकाळी मी डबा घेऊन गेले तर हे धापा टाकत होते. आडवेच होते, पण छातीचा भाता चाललेला. पायाला हात लावला तर गुडघ्यापर्यंत गार. रक्तदाब उतरला होता, लघवी रात्रीपासून जवळजवळ नाहीच. तरण्या डॉक्टरने सांगितलं, हृदय कमजोर झालंय, फुफ्फुसात पाणी जमत असेल, पाणी काढायचं औषध देतोय. हे मला खुणेने जवळ बोलवून म्हणाले, "अगं, मोटर जोरात पळतेय. पण खाली पीठ पडत नाहीये."

मी म्हटलं, "गप पडून राहा."

पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. गिरणीवाल्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मोटर पळते, दगड फिरतो, धान्य जातंय, तरी डबा भरत नाही, म्हणजे पीठ दुसरीकडे कुठेतरी जातंय. बहुतेक वेळा खालची कापडी नळी फाटलेली असते.

मॅडमना फोन गेला होता. त्या अर्ध्या तासात आल्या, रबरी सपाता तशाच. दारातून आत येतानाच मी त्यांना अडवून यांचं वाक्य सांगितलं. तरणा डॉक्टर म्हणाला, "आजी, नंतर बोला." मॅडम म्हणाल्या, "थांब. काय म्हणाले? परत सांगा." मी परत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सरळ खाटेशी गेल्या.

पंखा बंद. तळहात. हाडाच्या डाव्या बाजूला खालच्या अंगाला हात गेला आणि तिथेच थांबला. चेहरा काही बदलला नाही, पण हात हलेना. मग नळी लावली, थोडंच ऐकलं. "कालचा कागद द्या," म्हणाल्या. कागदावर त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलेलं होतं, काही आवाज नाही.

"काल नव्हता. आज आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काकू, तुमची गिरणी आहे ना? हात द्या."

त्यांनी माझा तळहात धरून यांच्या छातीवर ठेवला. हाडाखाली कातडीच्या आत खरखर होत होती. मांजर गुरगुरतं तशी, पण थांबून थांबून, प्रत्येक ठोक्याबरोबर.

मी म्हटलं, "दगड घासतोय."

"बरोब्बर," त्या म्हणाल्या. "काहीतरी तुटलंय."

मग त्या तरण्या डॉक्टरला शिकवायला लागल्या, तिथेच, औषधं चढवता चढवता, दोन्ही हात कामात. आवाज चढवला नाही. मला वाटतं, मला ऐकू यावं म्हणून त्या मराठीतच बोलल्या. झटक्यानंतर हृदयाचं जे मांस मरतं ते काही दिवसांनी मऊ पडतं आणि तीन ठिकाणी फाटू शकतं. बाहेरची भिंत फाटली तर रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साठतं, मानेच्या शिरा टरटरून फुगतात, आवाज दबका येतो. "इथे आवाज दबका आहे का?" तो म्हणाला, "नाही." दुसरं म्हणजे झडपेला धरून ठेवणारे दोर तुटतात. मग रक्त उलटं फुफ्फुसांत शिरतं आणि माणसाला आडवं झोपवतच नाही, उठून बसतो, तोंडाला फेस येतो. "हे कसे आहेत?"

"आडवे आहेत, मॅडम."

"आडवे आहेत. धाप आहे, पण आडवे आहेत. आणि हाताला खरखर लागतेय. म्हणजे काय?"

तो म्हणाला, "मधला पडदा?"

"मला तेच वाटतंय. मधल्या पडद्याला भोक. डाव्या बाजूचं रक्त पुढे जायचं सोडून उजवीकडे घुसतंय. आजोबांनी स्वतःच सांगितलंय की, पीठ पडत नाही म्हणून. पण वाटून उपयोग नाही, बघायला पाहिजे. मशीन आणा."

मशीन आलं. चाकांवरचं, टीव्हीसारखा पडदा असलेलं. यांच्या छातीला जेली लावून मॅडम स्वतःच बघायला लागल्या. मी पायाशी उभी होते, मला कोणी घालवलं नाही. काळ्यापांढऱ्या चित्रात मला काही कळत नव्हतं, एक पिशवी आकसतेय, सुटतेय, एवढंच. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि चित्रात रंग आले. मधल्या जाड रेघेतून ठोक्यागणिक रंगाचा फवारा पलीकडे उडत होता. फाटलेल्या नळीतून पीठ उडतं तसा, अगदी तसाच. मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. झडपही त्यांनी बघितली, दोर शाबूत होते. बाहेर रक्त साठलेलं नव्हतं. एकेक बघून तोंडाने म्हणत होत्या, "हे नाही. हेही नाही. हे आहे."

यांनी विचारलं, "सापडलं?"

"सापडलं, आजोबा."

"शिवता येतं?"

"येतं. इथे नाही, ठाण्याला. माझ्या हातून नाही, शिवणारे वेगळे."

"मग तुमचं काय काम?" हे म्हणाले. धापा टाकत होते, तरी खवचटपणा सुटला नव्हता. मॅडम पहिल्यांदा हसल्या. "कुठे फाटलंय ते सांगायचं."

मग त्यांनी मुलाला आधीचे कागद आणायला घरी पिटाळलं आणि मला खिडकीपाशी नेलं.

"काकू, एक विचारते. पहिल्याच दिवशी पट्टी बघितली तेव्हा मला वाटलं होतं की हा झटका आजचा नाही. तुम्ही म्हणालात आजचा, म्हणून मी रेटलं नाही. ती माझी चूक. आता रेटते. कधी दुखलं होतं?"

मी दाराकडे बघितलं. दीर बाहेर बाकावर बसले होते.

त्यांच्या ते लक्षात आलं. त्या दाराच्या आणि माझ्या मधे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला कोणाला दोष द्यायचा नाहीये. ठाण्याचे सर्जन पहिला प्रश्न हाच विचारणार. मेलेलं मांस ताजं असलं तर ओल्या पापडासारखं असतं, टाका घातला की टराटरा फाटत जातं. दिवस गेले की कडा घट्ट होत जातात, टाका धरतो. लगेच शिवायचं की थोडं थांबायचं, किती थांबायचं, हे त्यावर ठरतं. तुम्ही चुकीचा दिवस सांगितलात तर ते चुकीच्या दिवशी शिवतील."

मी म्हटलं, "सातव्या माळेला. सकाळी. डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, घाम सुटला होता. घट होता म्हणून आणलं नाही. आणि विचारलं तेव्हा खोटं सांगितलं, ते मी सांगितलं."

त्यांनी बोटांवर मोजलं. "आज सहावा दिवस." आणि लगेच लिहिलं. एवढंच. मान हलवली नाही, उसासा टाकला नाही, अहो काकू असं कसं केलंत, म्हणाल्या नाहीत. मी तयारीत होते, पण ते आलंच नाही.

मी विचारलं, "त्या इंजेक्शनने फाटलं का?"

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, नाही हो, मनाला लावून घेऊ नका. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. उशिरा दिलं तर फाटायचा धोका वाढतो, हे खरं आहे. पण इतका उशीर झाला की इंजेक्शन न देताही फाटतं. दोन्हीतलं कुठलं, ते कोणी सांगू शकणार नाही. मीही नाही."

"बरं."

"आता तुम्हाला रडायला वेळ नाही, काकू. गाडी येईल अर्ध्या तासात."

"मी कुठे रडतेय?"

"हो, तेच बघतेय," त्या म्हणाल्या आणि फोन लावला. ठाण्याच्या सर्जनशी बोलल्या ते मी ऐकलं. भोक कुठे आहे, केवढं आहे, रक्तदाब किती, झडप चांगली आहे. आणि शेवटी, "आजाराचा सहावा दिवस. पक्का. घरच्यांकडून खात्री केलीय." पक्का हा शब्द त्यांनी माझ्या भरवशावर वापरला. दोन दिवसांपूर्वी माझं खोटं ज्यांच्यापर्यंत पोचलं होतं त्यांनी.

कार्डियाक अ‍ॅम्ब्युलन्समधून ठाण्याला गेलो. मॅडम आल्या नाहीत, त्यांना दुसरे पेशंट होते. पण त्यांनी कागद असा लिहून दिला होता की तिथे पोचल्यावर कोणी एक प्रश्न परत विचारला नाही. म्हणजे एक सोडून. सर्जन उंच, घाईतला माणूस. जांघेतून एक फुगा आत सोडायचा, तो हृदयाला हातभार लावील, असं त्याने सांगितलं आणि मुलाच्या आणि दिराच्या समोर मला विचारलं, "आजी, दुखणं सातव्या माळेचं ना? दसऱ्याचं नाही?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. दीर म्हणाले, "काय? सातव्या माळेला?"

मी म्हटलं, "हो. सातव्या माळेला सकाळी."

सर्जन गेला. दीर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आणि तुम्ही सांगितलं नाहीत? दिव्यापायी?"

"तुमच्याच घरच्या दिव्यापायी, भाऊजी. माझ्या माहेरी घट बसत नाही."

मुलगा म्हणाला, "आई, बस कर." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मला तरी सांगायचं ना गं."

सर्जन म्हणाला, फुग्यावर टिकले तर थांबू, जेवढे दिवस मिळतील तेवढ्या कडा घट्ट होतील; ढासळले तर लगेच घेऊ, मग देवाची मर्जी. त्यामुळे रोज सकाळी मी एकच विचारायची, आज घेणार का? आणि नाही असं उत्तर आलं की बरं वाटायचं. असे आठ दिवस गेले. मी कोपरीत बहिणीकडे उतरले होते, सकाळी तिथून निघायची. टेंभी नाक्यावर नवरात्राचा मांडव अजून उतरवत होते, बांबू रस्त्याच्या कडेला रचलेले. रोज थोडा थोडा मांडव कमी दिसायचा. तो पूर्ण उतरला आणि दोन दिवसांनी यांना आत घेतलं.

सहा तासांनी सर्जन बाहेर आला, मास्क खाली ओढला आणि म्हणाला, "टाका धरला." तो पुढेही बरंच बोलला, मुलाने ऐकलं. मी तेवढं ऐकलं आणि बाकावर बसले.

नंतर मुलाने मॅडमना फोन करून कळवलं. त्यांनी म्हणे विचारलं, भोक नेमकं कुठे निघालं. मुलाने सर्जनकडून विचारून सांगितलं. त्यांनी बघितलं होतं तिथेच. त्यावर त्या म्हणाल्या, "छान," आणि फोन ठेवला. मुलाला ते कोरडं वाटलं. मला नाही वाटलं. काम बरोबर निघाल्यावर माणसाला आणखी काय बोलायचं असतं?

हे घरी आले ते निम्मे होऊन आले. आता पाच किलोचा डबाही उचलायचा नाही, गिरणीत खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी भांडायचं एवढंच काम. दर तीन महिन्यांनी मॅडमकडे जातो. पंखा बंद, तळहात, डोळे मिटलेले. बाहेर पंचवीस माणसं बसलेली असतात तरी त्या घाई करत नाहीत. "काही नाही," म्हणतात आणि काही नाही असं लिहितात. पहिल्या खेपेला मी त्यांना ज्वारीचं पीठ नेलं होतं. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "काकू, भाकरी थापताना चिरते. जरा जाड दळलं होतं का?" जाडच दळलं होतं, त्या महिन्यात दगड झिजला होता. मला त्या बाईचा आदर होताच, तो आणखी वाढला. फुकट मिळालेल्या पिठाची खोड काढणारं माणूस खोटं बोलत नाही.

घरीही मी हात ठेवते. सकाळी चहाच्या आधी. गिरणीच्या पत्र्यावर ठेवते तसाच, काही लागत नाही, मग आधण ठेवते. हे म्हणतात, "झाली का तपासणी? उठू का?"

पुढच्या नवरात्रात घट बसला. बसवायच्या आधी मी सगळ्यांच्या देखत, दिरांच्याही, सांगून ठेवलं होतं, यांना नुसती शिंक आली तरी मी उंबरा ओलांडणार. दीर त्या वर्षी तेलाचं बोलले नाहीत.

पाचव्या माळेला सकाळी हे छाती चोळत बसले. मी चप्पल घातली.

"अगं, साबुदाणा आहे तो. काल खिचडीत तेल जास्त झालं होतं."

"असू दे साबुदाणा. चला."

"चप्पल कशी घालू? घट आहे."

"मग तसेच चला."

अनवाणीच रिक्षात बसले. मॅडमनी पंखा बंद केला, हात ठेवला, ऐकलं, पट्टी काढली, मशीनवर बघितलं. आम्हाला तिथे दीड-दोन तास लागले. "काही नाही, साबुदाणाच आहे," त्या म्हणाल्या आणि तेच लिहिलं, काही नाही.

घरी आलो तर दिवा विझलेला. वातीवर काजळी धरली होती, तेल तळाला गेलं होतं. मुलगा कामावर गेलेला, घरात कोणीच नव्हतं. मी काजळी झाडली, तेल घातलं, काडी ओढली. हे मागून आले, पाय पुसत होते.

"विझला होता का गं?"

"हो."

त्यांनी दिव्याकडे बघितलं. मग चटईवर बसले आणि म्हणाले, "बरं. चहा टाक. साखर कमी."